सासूबाईंचे अर्धविराम

मागच्या वर्षी मी एका मुलीचं लग्न जवळजवळ महिनाभर अलीकडे आणलं. मुलीच्या काकांनी सकाळी छापखान्यात येऊन पत्रिकेचा कच्चा नमुना माझ्या टेबलावर ठेवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि शांतपणे विचारलं, "भाऊ, ह्या पत्रिकेपरमानं वऱ्हाड त कालच जेवून गेलं. आमाले काहून नाही बोलावलं?"

अमरावतीतल्या एका लहान छापखान्यात मी मजकूर जुळवतो. जुळवतो हा जुन्या काळचा शब्द. आता शिशाचे खिळे नाहीत, कॉम्प्युटर आहे, पण शब्द टिकून आहे आणि त्याच्याबरोबर मीही. लग्नपत्रिका, वास्तुपूजनाची निमंत्रणं, शाळांच्या स्मरणिका असं आमचं काम. त्या लग्नपत्रिकेत मी काही चुकीचं टाइप केलं नव्हतं. चुकीचं शिकवलं होतं. कामाच्या चिठ्ठ्यांवर मी कायम जुनीच तारीख ठेवतो अशी मालकांची तक्रार होती. म्हणून मी माझ्या एडिटरला सांगून ठेवलं होतं की फाइल जतन केली रे केली की तिच्यातली पहिली तारीख बदलून आजची करायची. चिठ्ठीत पहिली तारीख कामाची असते. पत्रिकेत पहिली तारीख मुहूर्ताची असते. हा फरक एडिटरला कळायचं काही कारण नव्हतं, आणि मला कळायला काका यावे लागले.

हा एडिटर म्हणजे मजकूर लिहायचा एक प्रोग्राम. फुकट मिळतो, दिसायला अगदी साधा, आणि पहिल्या दिवशी उघडला तेव्हा तो बंद कसा करायचा हेच मला अर्धा तास सापडलं नव्हतं. पण त्याची एक गोष्ट मला चिकटली. बाकीचे प्रोग्राम भाड्याच्या खोलीसारखे असतात. मालकाने जिथे खुंटी ठोकली तिथेच सदरा टांगायचा. इथे हातोडी आपल्याच हातात देतात. कुठल्याही बटणाला विचारता येतं, बाबा, तू करतोस काय? ते आपलं नाव सांगतं, काम सांगतं, आणि वर ज्या चार ओळींच्या जोरावर ते काम करतं त्या ओळीच काढून दाखवतं. म्हणजे पंख्याचं बटण दाबावं आणि पंख्याने खाली उतरून आपलं वायंडिंग दाखवावं, तसं. आणि त्या ओळी बदलल्या की त्याचं वागणं बदलतं.

एकदा हे कळल्यावर माझी दुपारची झोप गेली. एका बटणाला मी "आपली उपस्थिती प्रार्थनीय" शिकवलं. एखादी कृती एकदा करून दाखवली की तो तीच कृती दोनशे वेळा करतो हे कळल्यावर निमंत्रितांच्या याद्या मी मांडी घालून बघत बसायला लागलो. सगळ्यात मजेचं होतं ते म्हणजे त्याच्या खुंट्या. फाइल उघडली की एक खुंटी, जतन केली की दुसरी, बंद केली की तिसरी. त्या खुंटीवर आपण काम टांगून ठेवायचं, ती वेळ आली की तो ते काम आपोआप करतो. लग्न अलीकडे आणणारी तारीख अशाच एका खुंटीवर टांगलेली होती. तीन सेकंद वाचवायला मी तीन रविवार घालवायचो. बायको म्हणायची, एवढ्यात तर हातानं लिहून झालं असतं. तिचं म्हणणं बरोबर होतं, पण त्यात मजा नव्हती.

काकांचा किस्सा मी घरी रंगवून सांगितला. बायको हसली नाही. तिचं डोकं तेव्हा तिच्या आईत होतं.

माझ्या सासूबाई अकोला जिल्ह्यात राहतात. बार्शीटाकळीच्या पुढे थोड्या अंतरावर गाव आहे. शेती साळा पाहतो, पण विहिरीजवळचा एक तुकडा सासूबाईंचा. त्यात झेंडू, शेवंती, कडेने गलांडा. सासरे गेल्यावर त्यांनी तो तुकडा स्वतःकडे ठेवला आणि फुलं अकोल्याच्या बाजारात जाऊ लागली. शिक्षण सातवीपर्यंत. पण रोज संध्याकाळी दिवा लावला की त्या शाळेच्या वहीत दोन ओळी लिहायच्या. तारीख नाही, तिथी. "श्रावण शुद्ध चतुर्थी. बोरीजवळचे चार वाफे लावले. वारा जास्त." झालं. दुसऱ्या वर्षी तीच वही उघडून, दसरा किती दिवसांवर आहे ते बोटांवर मोजून, लावण कधी करायची ते त्या ठरवायच्या. झेंडू दसऱ्याला तयार पाहिजे. दसऱ्यानंतर चार दिवसांनी फुललेल्या झेंडूकडे कोणी बघत नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात कापायला लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्याने थोडा फरक पडला, अक्षराला नाही पडला. त्या वर्षीची वही त्यांना स्वतःलाच वाचता येईना, आणि आधीच्या वह्या पेटीत, त्या हाताने उपसणं जमेना. मग मागच्या वर्षी त्यांनी अंदाजाने लावण केली, आणि अंदाज आठ दिवसांनी चुकला. दसरा होऊन गेला आणि मग बाग अशी फुलली की डोळे दुखावेत. साळा वाईट माणूस नाही. तो एवढंच म्हणाला, की माय, आता वहीही वाचता येत नाही, पुढच्या वर्षी तिथं सोयाबीन पेरून टाकतो, तू आराम कर. सासूबाई म्हणाल्या, "पाहू." त्या घरात इतकी वर्षं "पाहू" म्हणजे "नाही" होतं. त्या वेळी पहिल्यांदाच ते नुसतं "पाहू" वाटलं.

हे सगळं आम्हाला दिवाळीत कळलं. परतताना अकोल्याच्या स्टँडवर अमरावतीची गाडी लागायची होती, तेव्हा बायको म्हणाली, "बाग गेली त माय नुसती बसून राहीन. तुमी त्या मशीनले दुनियाभरचं शिकवून राहिले. मायच्या हातासाठी काही शिकवता येते का?"

इतक्या वर्षांत माझ्या या छंदाबद्दल तिने विचारलेला हा पहिला प्रश्न. मी लगेच हो म्हणालो. मला काही येत होतं म्हणून नव्हे, तिने विचारलं म्हणून.

संक्रांतीला आम्ही छापखान्यातला एक जुना लॅपटॉप मालकांच्या परवानगीने घेऊन गेलो. कीबोर्डवर मराठी अक्षरांचे कागद डकवले. सासूबाईंच्या हाताची अडचण ही, की बोट एका अक्षरावर गेलं की कापत तिथेच दोन-तीनदा पडायचं, आणि "झेंडू"चं "झझझेंडू" व्हायचं. यावर मी जे केलं त्याचा मला आजही अभिमान आहे. तेच अक्षर डोळ्याची पापणी लवायच्या आत पुन्हा आलं तर ते मनावर घ्यायचं नाही, असं मी एडिटरला सांगितलं. किती वेळ थांबायचं ते ठरवायला सासूबाईंना पंचवीस वेळा "झेंडू" लिहायला लावला. सव्विसाव्या वेळी तो सरळ आला. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि पदर थोडा पुढे ओढला. त्या खूश असल्या की असं करतात.

इथे एक सांगायला पाहिजे. सासूबाई माझ्याशी थेट बोलत नाहीत. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण त्यांच्या रीतीत जावयापुढे तोंड उघडून बोलायचं नाही. मी समोर बसलेला असलो तरी त्या लेकीला सांगतात, "त्यायले म्हणा, चहा थंडा होऊन राहिला." मी चहा उचलतो. जावयाने केलेल्या गोष्टीला नावं ठेवणं तर लांबच. मी आणलेली साडी, मी सुचवलेली गोळी, मी चुकीच्या दिशेला बसवलेला टीव्हीचा अँटेना, सगळ्याला त्यांचं उत्तर एकच, "बेस हाय म्हणा."

मला नीट काम करता यावं म्हणून मी दोन बटणांवर खुणा केल्या. बायकोच्या पर्समध्ये टिकल्यांचं पाकीट होतं. एक लाल टिकली वरच्या रांगेतल्या एका बटणावर लावली, एक हिरवी त्याच्या शेजारच्यावर. लावून झाल्यावर बायकोने मला कोपर मारलं, तेव्हा कळलं की सासूबाईंसमोर, सासरे गेल्यापासून ज्यांनी कपाळाला कधी टिकली लावली नाही त्यांच्यासमोर, मी मांडी घालून टिकल्या चिकटवत होतो. मी घाईने नखाने काढायला गेलो. सासूबाईंनी ती लाल टिकली बोटाने चाचपून पाहिली. "राहू दे म्हणा," त्या लेकीला म्हणाल्या.

हिरव्या टिकलीने सेटिंगची फाइल उघडायची. मी एडिटरला जे जे शिकवलं ते सगळं या एका फाइलमध्ये, साध्या मजकुरात लिहिलेलं असतं. लाल टिकलीने जिथे आपण असू त्या ओळीच्या आधी अर्धविराम लागायचा. सासूबाईंनी लेकीमार्फत विचारलं, की अर्धविराम कशाले. मी सांगितलं, की ज्या ओळीच्या आधी अर्धविराम ती ओळ मशीन वाचत नाही. मशीनसाठी ती ओळ नाहीच. अशी ओळ फक्त माणसांनी वाचायची. शिकवलेलं काही तात्पुरतं बंद करायचं असलं किंवा आपल्या आठवणीसाठी काही लिहून ठेवायचं असलं, तर ते त्यामागे लिहितात. आणि शेवटी मी हेही सांगितलं, की हिरवीला हात लावू नका, ते माझं काम आहे.

तिथून पुढे माझा हुरूप वाढत गेला. फेब्रुवारीत गेलो तेव्हा फाइल उघडली की "सुप्रभात" यावं अशी व्यवस्था केली. संध्याकाळी लिहितात, म्हणून पुढच्या वेळी त्याचं "शुभ संध्या" केलं. खाली चालतं घड्याळ बसवलं. प्रत्येक पानावर तारीख आपोआप यायला लागली. छापखान्यात मार खाल्लेली माझी तारीख इथे तरी उपयोगी पडेल असं मला वाटलं. झेंडू हा शब्द नारिंगी दिसेल आणि शेवंती पिवळी, असे रंग भरले. जतन झालं की घंटी वाजेल असं केलं, म्हणजे जतन झालं हे कळेल. दर वेळी मी विचारायचो, "कसं वाटते म्हणा?" दर वेळी स्वयंपाकघरातून उत्तर यायचं, "बेस हाय म्हणा." आणि मग ताट यायचं. ताटात पाटोडी. बेसनाच्या वड्या, लाल तर्री, वर कोथिंबीर. मला बेसन सोसत नाही. पण सासूबाई बावीस वर्षं मी आलो की पाटोडी करतात, आणि मी बावीस वर्षं दोनदा वाढून घेतो आणि परतीच्या गाडीत पित्ताची गोळी.

जून महिन्यात आम्ही गेलो ते मोठा बेत घेऊन. बागेचं हवामान आपोआप पानावर यावं असं मी काहीतरी लिहून आणलं होतं. दुपारची वेळ, सासूबाई बागेत गेलेल्या. मी लॅपटॉप उघडला. सुप्रभात नाही, शुभ संध्याही नाही. घड्याळ नाही. रंग नाहीत. पान कोरं पांढरं, वर सासूबाईंनी स्वतः लिहिलेली तिथी, खाली दोन ओळी. मला वाटलं, लॅपटॉप बिघडला. हिरवी टिकली दाबली.

सेटिंगची फाइल उघडली आणि मी बायकोला हाक मारली.

माझ्या जवळजवळ प्रत्येक ओळीपुढे अर्धविराम होता. फक्त कापणाऱ्या बोटाचा तो बंदोबस्त आणि दोन टिकल्यांची बटणं जशीच्या तशी. आणि बंद केलेल्या ओळींच्या मागे, जिथे मशीन वाचत नाही तिथे, मराठीत लिहिलेलं होतं. काही शब्दांत अजून अक्षरं दुप्पट होती, पण वाचता येत होतं.

घंटीमागे लिहिलं होतं: "जवाईबुवा, घंटी बंद केली. भेव लागते. कोनी आलं वाटते."

घड्याळामागे: "घड्याळ भिंतीवर हाये."

रंगांमागे: "शेवंती आपली पांढरी हाये. पिवळी नाही."

एका ठिकाणी माझा तीन ओळींचा तुकडा होता. तिथे: "काल ह्यातली एक ओळ बंद केली त मशीन कुरकुरली. मंग तिन्ही बंद केल्या. आता चूप हाये." हे वाचून मी खरोखर थक्क झालो. तीन ओळी मिळून एक वाक्य होतं आणि अर्धं वाक्य बंद करता येत नाही, हे मला स्वतःला उमगायला आठवडा लागला होता. त्यांना एक दिवस लागला होता.

आणि तारखेच्या मागे सगळ्यात लांब मजकूर होता. तो बायकोने मोठ्याने वाचला: "तारीख नको. दसरा तारखेले येत नाही, तिथीले येते. मले एकच पायजे. आज जे तिथी हाये त्या तिथीले मांगच्या सालायत मी काय लिवलं होतं, थे दिसलं पायजे. बाकी काही नको. पेटीतल्या वह्या मले शोधता येत नाही. पोरगा जेठात इचारन, तवा सांगता आलं पायजे. तुमी लय मेहनत करता. राग नका मानू."

बावीस वर्षांत त्या माझ्याशी इतकं बोलल्या नव्हत्या. म्हणजे बोलल्याच नव्हत्या. तोंडाने जे जावयाला सांगता येत नाही ते त्यांनी मशीनला न दिसणाऱ्या जागी लिहून ठेवलं होतं, आणि कधीतरी मी हिरवी टिकली दाबेन याची वाट पाहिली होती. हिरवीला हात लावू नका म्हणून मी बजावलं होतं, आणि आपण काही बजावलं की घरात काय होतं ते मला माझ्या घरूनही माहीत होतं.

बायकोने डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाली, "सहा महिने हे चालू हाये, आणि तुमी मायच्या बागेवर हवामान लावून राहिले."

हवामान मी त्या दिवशी लावलं नाही. पेटीतल्या वह्या पिशवीत घातल्या. सासूबाई बागेतून आल्या, पिशवी पाहिली, आणि लेकीकडे न पाहता हात धुवायला गेल्या. साळ्याला बायकोने सांगितलं, की यंदा बागेचं पंधरा दिवस काही ठरवू नको. तो म्हणाला, "आता कशाची वाट पायची हाये?" ती म्हणाली, "वहीची."

अमरावतीला आल्यावर मी ते केलं जे मला खरोखर येतं. टाइप केलं. सगळ्या वह्या, एका पाठोपाठ एक. छापखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत, रविवारी, सकाळी चहाआधी. बायको वाचायची, मी टाइप करायचो. कधीकधी ती एखादं पान पुन्हा वाचायची, कारण त्या दोन ओळींत तिचं बालपणही होतं. "भाद्रपद वद्य द्वितीया. पोरीले ताप. शेवंतीले पानी राहिलं." इथे ती म्हणाली, "मले हा ताप आठवते." मग पान उलटलं.

आणि एका वहीत मी स्वतः सापडलो. आमच्या लग्नानंतर मी पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो त्या दिवशीच्या ओळी: "जवाई आले. पाटोडी केली. चाटूनपुसून खाल्ली. आवडते." पुढे वाफ्यांचं. मला तो दिवस चांगला आठवतो. गाडी बार्शीटाकळीच्या अलीकडे बिघडली होती, आम्ही दुपारी तीनला पोहोचलो होतो, आणि त्या भुकेत मी पाटसुद्धा चाटूनपुसून खाल्ला असता. त्या एका ओळीवर बावीस वर्षं पाटोडी टांगलेली होती. मी येणं ही खुंटी, पाटोडी हे काम.

मग एडिटरचा भाग. तो मी मुद्दाम लहान ठेवला. नवीन पानावर सासूबाईंनी तिथी लिहून एंटर दाबलं की एडिटरने जुन्या सगळ्या मजकुरात तीच तिथी शोधायची आणि तिथल्या ओळी साल लिहून खाली दाखवायच्या. बस. रंग नाही, घंटी नाही. लिहून झाल्यावर मी सवयीने वर एक छोटं स्वागत टाकलं, आणि मग स्वतःच लाल टिकलीचं बटण दाबलं.

आषाढात आम्ही परत गेलो. सासूबाईंनी खुर्ची ओढली, पदर सावरला, कापणारं बोट एकेका अक्षरावर टेकवत "आषाढ शुद्ध षष्ठी" लिहिलं, आणि एंटर. खाली एकामागून एक वर्षं आली. एका वर्षी रोपं टाकली होती. एका वर्षी टाकून चार दिवस झाले होते. एका वर्षी पाऊस लांबला म्हणून थांबल्या होत्या, आणि त्यापुढेच लिहिलं होतं की थांबायला नको होतं. त्या बराच वेळ वाचत राहिल्या. ओठ हलत होते. मग साळ्याला हाक मारली. तो दारात उभा राहिला. त्या त्याला म्हणाल्या, "परवा रोपं टाकतो. नागपंचमीले लावण. सोयाबीन तिकडं, नाल्याकडं पेर." साळ्याने माझ्याकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं. "बरं," तो म्हणाला. त्या घरात साळ्याचं "बरं" म्हणजे खरंच बरं असतं.

निघण्यापूर्वी मी हिरवी टिकली दाबली. फाइलच्या अगदी तळाशी गेलो. लाल टिकली दाबली, आणि अर्धविरामामागे, मशीन वाचत नाही अशा जागी लिहिलं: "सासूबाई, तुमी खरं लिहिलं म्हणून मीबी लिहितो. मले पाटोडी सोसत नाही. त्या दिवशी भूक लागली होती. राग नका मानू." लिहून झाल्यावर मी लॅपटॉप घाईने मिटला. लग्नपत्रिकेचे काका समोर उभे होते तेव्हाही एवढी घाई केली नव्हती.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी आम्ही पुन्हा गेलो. बाग गच्च होती. साळा पहाटेपासून फुलं तोडवून घेत होता आणि पोती अकोल्याच्या गाडीवर चढवत होता. मला पाहून म्हणाला, की जवाई, मायनं ह्या वर्षी चार वाफे तुमच्या मशीनपायी जास्त लावले. मी म्हणालो, मशीन माझी नाही. हे मी विनयाने म्हणालो नव्हतो. त्यात माझं म्हणावं असं चालू अवस्थेत फार काही उरलंच नव्हतं.

ताट आलं. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, तेलावरची मिरची, कांदा. पाटोडी नाही. सासूबाई चुलीकडे तोंड करून होत्या. मी दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरी अर्धी मागितली, बावीस वर्षांत पहिल्यांदा मनापासून. बायकोने ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि तीही खायला लागली.

जेवण झाल्यावर मी ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसलो. फाइलच्या तळाशी माझ्या ओळीखाली नवी ओळ होती. हात बहुतेक थोडा निवळला होता, एकही अक्षर दुप्पट नव्हतं:

"मले बी पाटोडी आवडत नाही. तुमच्यासाठी करत होती."

मी बायकोला दाखवली. तिने ती दोनदा वाचली आणि लॅपटॉप मिटवून ठेवला. मला वाटलं, गहिवरली असेल. संध्याकाळी आम्ही फुलांची एक पिशवी मांडीवर घेऊन अकोल्याहून अमरावतीच्या गाडीत बसलो. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा यायला आलं, तरी ती खिडकीबाहेरच पाहत होती. मग झेंडूची पिशवी माझ्या मांडीवर सरकवून म्हणाली,

"पाटोडी मले आवडत होती. मायच्या हातची. तुमी दोघं अर्धविराम टाकून मोकळे झाले, मले कोनी इचारलं?"